कावेरीची खातेवही

मासा पकडायचा, वजन करायचे, वहीत टिपायचे आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा! आपल्या कोळीवाड्यात हे सांगितले तर लोक हसतील. पण बंगळूरच्या वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया या १९७२ च्या संस्थेतले हौशी गळवाले कावेरीवर वर्षानुवर्षे हेच करीत आले. नाचणीच्या उंड्याला लागणारा महसीर हे त्यांचे दैवत. सुरुंगाने मासे मारणाऱ्यांतल्याच काहींना त्यांनी राखणदार नेमले. नदी राखण्याची याहून शहाणी रीत मला ठाऊक नाही.

२०१२ मध्ये अभयारण्यात गळ टाकणे बंद झाले. मागे राहिल्या त्या नोंदी. गालिबोरे तळावरच्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, आणि जन्मभर खातेवह्या चाळलेल्या माझ्यासारख्याला चटका लावणारा ताळेबंद निघाला. मासे वाढलेले, पण ती वाढ सगळी निळ्या परांच्या महसीरची. कावेरीचा मूळचा, कुबडाचा महसीर जवळजवळ नाहीसा!

हा निळा पाहुणा आपल्याकडचाच. कर्नल साइक्सने १८३९ मध्ये त्याचे वर्णन केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. पुढे लोणावळ्याच्या केंद्रात त्याची पैदास झाली आणि पिल्ले, अर्थात सद्हेतूनेच, कावेरीत सोडली गेली. कुबडाच्या माशाचे शास्त्रीय नाव पक्के झाले २०१८ मध्ये. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. निळा मात्र २०२० मध्ये धोक्याच्या यादीतून सुटला.

आणि मुळा-मुठेत? तिथे पुलावरून वाकून पाहावे, तर जलपर्णी दिसते.