टिकटिक असू द्या!

माझ्या स्कूटरच्या इंजिनातून बारीक टिकटिक येई. कवीचा कान, खटकली. "टॅपेट आवळा, पण आवाज बंद करा," असा हट्ट मी मेकॅनिकपाशी धरला. तो नको म्हणत होता. आवाज थांबला. पुढे एका सकाळी स्कूटर सुरूच होईना. व्हॉल्व्ह जळला होता.

मंडळी, फोर-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात मुद्दाम फट ठेवतात. कागदाच्या जाडीएवढी, साधारण ०.१ मिलिमीटर. इंजिन तापले की धातू वाढतो, ती वाढ या फटीत मावते. फट नसेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, पेटता वायू निसटतो आणि व्हॉल्व्ह जळतो. व्हॉल्व्हची बैठक झिजली तरी फट कमी होते.

म्हणून टॅपेट लावायचे ते इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना. फटीत फिलर गेजची पाती किंचित अडत सरकली पाहिजे. माप मात्र गाडीच्या पुस्तिकेतले, कानाचे नव्हे.

आता ती बारीक टिकटिक ऐकू आली की मला बरे वाटते. थांबली, की मी गॅरेज गाठतो.