भरतपूरचा लव्हाळा

लव्हाळ्याशी भांडून थकलेला शेतकरी महाराष्ट्रात गावोगाव भेटेल. खुरपून काढा, नांगरून टाका, आठवड्याभरात तो पुन्हा हिरवागार. 1977 साली जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांची शास्त्रीय यादी पुस्तकरूपाने आली, तेव्हा तिच्यात पहिला नंबर याचाच होता. सायपेरस रोटुंडस हे त्याचं लिनियसने दिलेलं नाव. असल्या वनस्पतीला कशाने अडचण येईल, असं वाटणं साहजिक आहे. पण राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव घना राष्ट्रीय उद्यानाची 1982 पासूनची हकिकत लव्हाळ्याच्या बाजूने पाहिली, की चित्र वेगळं दिसतं.

आधी झाडच नीट बघू. लव्हाळ्याला सगळे गवत म्हणतात, पण तो गवत नव्हे. दांडा चिमटीत धरून फिरवला की तीन कडा बोटांना लागतात. आतून तो भरीव असतो. गवताचा दांडा बहुधा गोल आणि पोकळ, पानं दोन रांगांत. याची तीन रांगांत. खरी करामत जमिनीखाली आहे. बुडाशी एक फुगीर गाठ, तिच्यातून तारेसारखे धुमारे, धुमाऱ्याच्या टोकाला कंद, त्या कंदातून पुढचा धुमारा, अशी माळच्या माळ. माळ अखंड असेपर्यंत टोकाचा कोंब मागच्या कंदांना झोपवून ठेवतो. नांगराने ती तुटली की प्रत्येक कंद स्वतंत्रपणे फुटतो. म्हणजे आपण मशागत करतो आणि लव्हाळा वाढवतो! दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा म्हणून पडतो तो याचाच किंवा याच्या सख्ख्या भावंडाचा सुगंधी कंद.

याची दुखरी नस एकच, सावली. ऊन मिळालं नाही की तो मागे पडतो. बहुतेक कंद वरच्या वीतभर मातीतच असतात, म्हणून ते खाणाऱ्याला सापडतात. पण ती माती उकरता आली पाहिजे.

भरतपूरला उकरणारा यायचा तो सायबेरियन क्रौंच. पश्चिम सायबेरियातून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे हजारो किलोमीटर उडून हे पांढरेशुभ्र पक्षी हिवाळ्यात इथे उतरत. क्रौंचांच्या सगळ्या जातींत पाण्याला सर्वाधिक बांधलेली जात हीच. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, लांब चोच गाळात खुपसायची आणि कंद उपसायचे, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. रॉन सॉई या अमेरिकी अभ्यासकाने 1970 च्या दशकात इथे त्यांच्या आहाराचा बारकाईने अभ्यास केला. लव्हाळा आणि त्याच्याच कुळातला स्किर्पस यांचे कंद हे त्यांचं इथलं मुख्य अन्न होतं.

घना हे निखळ निसर्गाचं दान नाही. जागा मुळात सखल, पण अजान बांधातून पाणी सोडून, बांध घालून भरतपूरच्या राजांनी तिथे बदकांच्या शिकारीसाठी तळी राखली. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले, हा आकडा आजही अभिमानाने की शरमेने, कळत नाही, उद्यानातल्या दगडी पाटीवर कोरलेला आहे. पावसाळ्यात भरणारी आणि उन्हाळ्याकडे आटत जाणारी ही तळी, त्यांचे उथळ काठ आणि त्यात रवंथ करत बसलेल्या म्हशी, हे सगळं मिळून लव्हाळ्याचं घर झालं होतं.

1981 साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि कायद्याप्रमाणे चराई बंद करायचं ठरलं. सालिम अलींसह बहुतेक पक्षितज्ज्ञांचा या बंदीला पाठिंबा होता. नोव्हेंबर 1982 मध्ये ती लागू झाली, आसपासच्या गावांनी विरोध केला, पोलिसांनी गोळीबार केला आणि काही गावकरी मारले गेले. भरतपूरविषयी आपल्याकडे कौतुकाने पुष्कळ लिहिलं जातं. हा प्रसंग त्यात क्वचितच येतो.

म्हशी गेल्या आणि पॅस्पॅलम डिस्टिकम नावाचं पाणगवत मोकाट सुटलं. पेरापेराला मुळं फोडत ते पाण्यावर चटईसारखं पसरतं. म्हैस पोटाइतक्या पाण्यात शिरून ते खायची, तुडवायची. ते काम करणारं आता कोणी उरलं नाही. उघडं पाणी आक्रसलं, तळी भरत चालली. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1980 पासून इथे दहा वर्षांचा अभ्यास करत होती. व्ही. एस. विजयन यांच्या नेतृत्वाखालच्या या पथकाने 1991 च्या अहवालात स्पष्ट लिहिलं, की म्हशी या पाणथळ परिसंस्थेचा भाग होत्या आणि चराईबंदीने तिचं नुकसान झालं. ज्या संस्थेच्या वर्तुळातून बंदीची मागणी झाली, तिनेच हे छापलं, याचं मला आजही कौतुक वाटतं. पुढे गावकऱ्यांना आत येऊन गवत कापायची मुभा मिळाली. पण विळा गवत कापतो. चिखल तुडवत नाही.

दाट गवताच्या सावलीत लव्हाळ्याचं काय होणार हे त्याच्या स्वभावावरून सांगता येतं. पण त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो उद्यानाला लागून असलेल्या अघापूर गावच्या लोकांचा मुद्दा. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी तो नोंदवून ठेवला आहे. गावकरी पूर्वी तिथे वाळ्याची मुळं खणायचे. त्या खणण्याने जमीन भुसभुशीत व्हायची आणि क्रौंचाच्या चोचीला कंद सहज मिळायचे. बंदीनंतर खणणं थांबलं, माती घट्ट बसली, क्रौंच कमी झाले, असं त्यांचं म्हणणं. कंद आहेत एवढ्याने पक्ष्याचं भागत नाही, ते चोचीला लागावे लागतात, ही गोष्ट पुस्तकी अभ्यासकाच्या आधी खणणाऱ्याच्या लक्षात येणार हे उघड आहे.

अर्थात क्रौंच संपले त्याचं सगळं खापर गवतावर फोडता येणार नाही. 1964-65 च्या हिवाळ्यात दोनशेच्या आसपास होते; 1984-85 मध्ये 41. ही घसरण चराईबंदीच्या पुष्कळ आधी सुरू झाली होती, आणि वाटेवरची शिकार हे तिचं मोठं कारण मानलं जातं. अफगाणिस्तानातल्या युद्धाने त्यात भर घातली. 1992-93 ला पाच आले, पुढच्या हिवाळ्यात एकही नाही. मग तुरळक परतले, आणि 2001-02 ला शेवटची जोडी दिसली.

नंतरची वर्षं पाण्याच्या भांडणात गेली. वरच्या अंगाला गंभीर नदीवर पांचना धरण झालं, पाणी येईना, तळी कोरडी पडली आणि वेड्या बाभळीने आत पाय पसरले. पुढे चंबळचं आणि गोवर्धन नाल्याचं पाणी आणून थोडं सावरलं.

अघापूरकरांचं म्हणणं तपासायला फार काही लागत नाही. काठावरच्या चार वाफ्यांत वाळा खणू द्यायचा, चार तसेच ठेवायचे, आणि हिवाळ्यात कुठले कंद उपसले जातात ते मोजायचं. क्रौंच आता येत नाहीत, पण सारस तिथे आहेत, आणि कंद तेही खातात.