जुन्या गाडीचा पिकअप गेला, ॲव्हरेज पडलं : इंजिन उघडण्याआधी काय बघाल?



उम्म अल कुवैन ही सात अमिरातींतली सर्वांत कमी वस्तीची अमिरात. दुबई-शारजाचे मित्र आम्हाला विचारतात, "तिथे वेळ कसा जातो?" आमचे उत्तर ठरलेले आहे : खाडी आहे, खारफुटी आहे आणि दारात एक जुनी गाडी आहे. जुनी गाडी असली की वेळ कमी पडतो!

आमची गाडी म्हणजे 1980 च्या दशकातली टोयोटा लँड क्रूझर. पेट्रोलची, सहा सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली. मुळात ती आमच्या एका काकांची. तीस वर्षे आखातात नोकरी करून ते कायमचे सांगलीला परतले, तेव्हा किल्ली आमच्या हातात ठेवून म्हणाले, "विकू नका रे, चालती ठेवा." आमच्या मुलांना ते सख्ख्या आजोबांसारखे, त्यामुळे हा शब्द मोडणे शक्य नव्हते.

आणि एका उन्हाळ्यात गाडीने दम टाकला. पुलाच्या चढावर तिसरा गियर, पेट्रोल मात्र पाण्यासारखे. पूर्वी लिटरला साडेपाच-सहा किलोमीटर देणारी गाडी चारवर आली. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर पाच मिनिटांत निकाल लागला : "इंजिन काम मागतंय, आठ हजार दिरहम." पुढच्या महिन्यात मुल्कियाची मुदत संपत होती. एवढा खर्च करायचा, की गाडी भंगारात द्यायची? आणि काकांना काय सांगायचे?

शेवटी आम्ही ठरवले, की आधी स्वतः नीट तपासायचे. स्वस्त आणि सोपे ते आधी, महागडे ते शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या, तर गुण कशाने आला ते कळत नाही. त्या वहीतूनच हा लेख तयार झाला आहे.

1. आधी मोजमाप बरोबर आहे का?

टाकी काठोकाठ भरा, नेहमीसारखी गाडी चालवा, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरा. मीटरवरचे किलोमीटर भागिले भरलेले लिटर. काट्याकडे बघून केलेला अंदाज खरा नसतो.

आमचा हिशोब : 240 किलोमीटर, 60 लिटर, म्हणजे 4. हे फोनवर सांगताच काकांनी एकच प्रश्न विचारला, "टायर कोणते घातलेत?" आम्ही वाळवंटात जायचे म्हणून हिवाळ्यात मोठे टायर घातले होते! मोठा टायर एका फेरीत जास्त अंतर कापतो, पण मीटरला ते कळत नाही. मोबाइलच्या जीपीएसवर ताडून पाहिले, तर मीटर सुमारे 8 टक्के कमी दाखवत होता. म्हणजे खरे अंतर 259 किलोमीटर आणि खरे ॲव्हरेज 4.3. शिवाय मोठ्या टायरमुळे गियर जड होतात, म्हणून पिकअपही थोडा मरतो. कोडे थोडेसे सुटले, पण सगळे नाही.

इथल्या मंडळींसाठी आणखी एक गोष्ट : वाळूत जाताना टायरची हवा काढतो, ती परत भरायला विसरू नका. कमी हवेवर गाडी ओढावी लागते, आणि गरम रस्त्यावर टायर फुटण्याचा धोका वेगळाच.

2. गाडी मोकळी फिरते का?

फलज अल मुअल्लाच्या रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न लावता दहा-पंधरा किलोमीटर जा आणि थांबून चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात न्या (टेकवू नका, भाजेल!). एखादे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापले असेल, तर तिथे ब्रेक धरतो आहे. मग सपाट जागी, बाकीच्या चाकांना ठोकळे लावून, जॅकवर ते चाक हाताने फिरवून बघा. जॅकवरच्या गाडीखाली मात्र शिरू नका.

आमचे मागचे डावे चाक धरत होते. किनाऱ्यावरची खारी, दमट हवा! हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट ओढलेलीच राहिली होती. ती बदलली, ॲव्हरेज 4.6.

क्लच घसरतो का तेही याच वेळी बघा. वरच्या गियरमध्ये कमी वेगावर असताना ॲक्सिलरेटर जोरात दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तिथेच राहिला, तर दोष क्लचचा आहे, इंजिनचा नाही.

3. प्लग काय सांगतो?

वैद्य जीभ बघतात तसा मेकॅनिकने प्लग बघावा. टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढरेफटक म्हणजे पेट्रोल कमी. ओले, तेलकट काळे म्हणजे इंजिनातले ऑइल वर येते आहे.

आमचे सहाही प्लग काजळलेले होते. एकच काळा असता, तर दोष त्या एका सिलिंडरचा. सगळेच काळे, म्हणजे दोष सर्वांना सामाईक : एअर फिल्टर, चोक किंवा कार्ब्युरेटर. फिल्टरमधून मूठभर वाळू निघाली. पण मुख्य चोर चोक होता. इथल्या हवेत चोक क्वचितच लागतो, त्यामुळे त्याची केबल वर्षानुवर्षे हलत नाही आणि अडकते. आमची झडप पूर्ण उघडतच नव्हती. केबल साफ करून तेल दिले, ॲव्हरेज 5.1.

उलट लक्षण असेल, म्हणजे सपाटीला ठीक पण चढावर झटके देत मरते, तर पेट्रोल कमी पोहोचते आहे. पेट्रोलचा फिल्टर, टाकीतला गंज आणि पंप बघा. भर दुपारी थांबून पुन्हा चालू होत नसेल आणि थंड झाल्यावर होत असेल, तर उष्णतेने पेट्रोलची वाफ होत असण्याची शक्यता मोठी.

4. ठिणगी वेळेवर पडते का?

पॉइंटवाली गाडी असेल, तर पॉइंटचा गॅप फिलर गेजने तपासा. मग टायमिंग लाइटने टायमिंग बघा. आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. उन्हाळ्यात इंजिन ठोकते म्हणून बरेच जण टायमिंग मागे घेतात. ठोकणे थांबते, पण गाडी मंद होते, तापते आणि जास्त पेट्रोल पिते.

डिस्ट्रिब्युटरला एक चपटी डबी असते, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची. एकसारख्या वेगाने आरामात जाताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असते, ते हळू जळते. म्हणून ही डबी ठिणगी थोडी आधी पाडते. आतला पडदा फाटला, की हे काम बंद. तपासायला पैसे लागत नाहीत : इंजिन बंद ठेवून, स्वच्छ नळी लावून तोंडाने ओढा आणि जिभेने टोक बंद करा. ओढ टिकली पाहिजे. आमची क्षणात सुटली. नवी डबी बसवून टायमिंग जुळवले आणि गाडीत जीव आला. ॲव्हरेज 5.7!

5. आता इंजिनची पाळी

एवढे करूनही फरक पडला नाही, तर कॉम्प्रेशन तपासा. सर्व सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एक कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग झिजल्या, नाही वाढला तर बहुधा व्हॉल्व्ह. पण त्याआधी टॅपेट सेटिंग बघायला विसरू नका. शिसेविरहित पेट्रोल भारतात 2000 मध्ये आणि अमिरातीत 2003 मध्ये सर्वत्र आले. त्याआधीच्या काही इंजिनांमध्ये व्हॉल्व्हच्या बैठका मऊ असतात. त्या झिजून टॅपेट आवळतात आणि कॉम्प्रेशन जाते.

आमचे सहाही आकडे उत्तम निघाले. म्हणजे ज्या कामाचे आठ हजार सांगितले होते, त्याची गरजच नव्हती. आमचा खर्च चारशे दिरहमच्या आत.

देशात कुणाच्या शेडमध्ये फियाट उभी असेल, तर त्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली 1089 सीसीची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सीतून ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, पण कितीतरी घरांनी ती अजून जपली आहे. सुट्टीत घरी गेलात, की वडिलांबरोबर एक सकाळ तिच्यासाठी काढा. गाडीपेक्षा त्या सकाळचेच अप्रूप जास्त.

असो. मुल्किया वेळेत झाली. त्या संध्याकाळी आम्ही सांगलीला फोन लावला, बॉनेट उघडून फोन इंजिनाजवळ धरला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टॅपेट जरा वाजताहेत. बघून घ्या."

बघून घेतले. वाजतच होते!

तुमच्याकडे जुनी गाडी असेल, तर तिचे दुखणे आणि उपाय आम्हाला जरूर कळवा.