खाडा कोण भरणार?

पहाटे ५.३०
वस्तीत नळाला पाणी पाऊण तास असतं. सगळी मोठी माणसं एकाच वेळी जागी आणि घरी सापडतात ती याच वेळेत. म्हणून महिन्याच्या पहिल्या सोमवारी माझा दिवस नळाच्या रांगेत सुरू होतो. त्या दिवशी महापालिकेत सकाळी लोकशाही दिन असतो आणि दुपारी फाइली पाहायला मिळतात. आज गटाराचा अर्ज सुनावणीला आहे. रांगेतच पुढच्या महिन्याचे अर्जही तयार करायचे, कारण ते ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत, पंधरा दिवस आधी द्यावे लागतात.

लोकशाही दिनात तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. गटार तर कुणा एकाच्या दारातून वाहत नाही. ते गल्लीत एकामागून एक घरांच्या उंबऱ्याला लागून जातं. म्हणून आम्ही घरागणिक वेगळा अर्ज लिहितो: ‘माझ्या घरासमोरील गटार तुंबले आहे.’ कळशी बाजूला ठेवून बायका ओल्या हातांनी सह्या करतात. ज्यांना सही येत नाही त्या अंगठा उठवतात आणि कागद कोरडा होईपर्यंत तो धरून उभ्या राहतात.

७.३०
मजूर अड्ड्यावर. गवंडी, बिगारी, रंगारी चौकात उभे असतात आणि साडेआठपर्यंत ज्याला काम मिळालं नाही, त्याचा दिवस गेला. आजच्या अर्जावर ज्यांचं नाव आहे ते दादा गवंडीकाम करतात. त्यांना अकराला महापालिकेत हजर राहायचं आहे, म्हणजे आज खाडा. सरकारी कार्यालयं उघडी असतात त्याच वेळेत मजुराची रोजी असते. मतदानाच्या दिवशी मजुराला सुटी देण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे, पण मतदान झाल्यावर पाच वर्षं नागरिक म्हणून जे काही करायचं, त्यासाठी सुटी नाही.

आमच्या संघटनेच्या वर्गणीचा मोठा भाग अशा खाड्यांतच जातो. फलक, मांडव, चहा यांना त्यामानाने थोडं लागतं. ज्याचा खाडा पडतो त्याला त्या दिवसाची रोजी आम्ही भरून देतो. संघटनेचं पहिलं काम मी हेच मानते. भाषणं आणि मोर्चे त्यानंतर.

१०.१५
बारनिशीत मागच्या आठवड्यातली दोन पत्रं दिली, दोन्हींवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजायचं, हे वस्तीतल्या पोरींनाही आता पाठ आहे. बाहेरून कोर्ट फी स्टॅम्प घेतले: माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा, अपिलाला वीसचा.

११.००
लोकशाही दिन. हे दालन महिन्यातून एकदा उघडतं आणि आयुक्त समोर बसलेले असतात, याची किंमत मी कमी लेखत नाही. तहसीलला हा दिवस तिसऱ्या सोमवारी असतो, विभागीय आयुक्तांकडे दुसऱ्या. टोकन क्रमांकाने दादांना बोलावलं. संबंधित खात्याने उत्तर दिलं : ‘सदर काम पूर्ण झाले असून देयक अदा केले आहे.’ दादा म्हणाले, “साहेब, काम पूर्ण असतं तर मी आज इथे कशाला आलो असतो?” साहेबांनी बुधवारी जागेवर पाहणीचे आदेश दिले. जेमतेम चार मिनिटांचं काम. पण ‘काम पूर्ण’ हे उत्तर आता लेखी आमच्या हातात आहे, आणि दुपारच्या कामाला तेच लागणार होतं.

१.३०
आवारातल्या झाडाखाली डबा. शेजारच्या बाकावर ठेकेदारांच्या संघटनेचे एक गृहस्थ बसले होते. ओळखीचे आहेत, बोलायला चांगले आहेत. निविदेच्या अटी, थकलेली बिलं, दरसूची हे त्यांचे विषय, आणि रोज कार्यालयात येणं ही त्यांची पगारी नोकरी. यात मला गैर काही वाटत नाही. संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ने त्यांना जसा दिला तसाच आम्हालाही. आपापलं हित घेऊन तेही येतात, आम्हीही येतो. त्यांचा माणूस मात्र महिन्याचे सगळे दिवस इथे असतो आणि आमचा माणूस रोजी बुडवून येतो. एखाद्या टेबलावर कुणाची बाजू रोज ऐकली जाते, हे बऱ्याचदा एवढ्याशा गोष्टीवर ठरतं.

३.००
दर सोमवारी तीन ते पाच नागरिकांना फाइली पाहू द्यायच्या, ही पद्धत पुणे महापालिकेत आधी रुळली. २०१८च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने ती जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू केली. दिवसातले हे दोन तास मला सर्वांत मोलाचे वाटतात.

फाइल आली. अंदाजपत्रक, निविदा, कार्यादेश, देयक, आणि मधे मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात. कनिष्ठ अभियंत्याने जागेवर मोजून लांबी, रुंदी, खोली तिच्यात लिहायची, वरच्याने तपासायची आणि त्यावरून बिल निघायचं. मी टिप्पण्या वाचत होते. दादांनी एमबी ओढून घेतली. शाळा सातवीपर्यंत झालेला हा माणूस आकड्यांवरून बोट फिरवत गेला आणि एका ओळीवर थांबला.

“ताई, लांबी पार टोकापर्यंत लावलीय. गटार तर पिंपळापाशीच संपतं.” थोड्या वेळाने पुन्हा : “आणि हे बघा, खाली पीसीसी, म्हणजे काँक्रीटचा थर, टाकल्याचं लिहिलंय. मी स्वतः तिथं पहारीने साफ केलंय. खाली माती आहे.”

मी इतकी वर्षं फाइली वाचते, पण ती ओळ मला एवढं सांगू शकली नसती. ज्याने आयुष्यभर थर टाकले त्यालाच कागदावरचा थर आणि जमिनीतली माती यांतला फरक एका नजरेत कळतो. त्यांची आजची रोजी भरून देताना आम्ही उपकार करत नाही; वस्तीतल्या सर्वांत जाणकार माणसाचा वेळ घेतो आहोत.

हवी ती पानं क्रमांकासह उतरवून घेतली. प्रतींसाठी जोडपत्र ‘अ’मध्ये अर्ज केला. पानाला दोन रुपये. महाराष्ट्राच्या नियमांत २०१२पासून अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळे साहित्याच्या प्रमाणित नमुन्याची मागणी वेगळ्या अर्जात केली. तोही हक्क २००५च्या माहिती अधिकार कायद्यात आहे.

४.४५
अर्ज कुणाच्या नावाने द्यायचा? कलम ३ प्रमाणे माहितीचा हक्क नागरिकाचा आहे, संघटनेचा नव्हे. नाव आणि पत्ता एका माणसाचा जातो आणि राग त्या एका दारावर येतो. तळेगाव दाभाडे इथले माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची २०१०च्या जानेवारीत हत्या झाली, तेव्हापासून हा प्रश्न महाराष्ट्रातल्या प्रत्येक गटापुढे आहे. आम्ही एका विषयाचे अर्ज कधीच एका नावाने देत नाही. आजचे दोन्ही अर्ज दादांच्या नावाने गेले नाहीत. एक माझ्या, एक शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त शिक्षकांच्या नावाने गेला.

५.३०
एका जुन्या अर्जाला तीस दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून पहिलं अपील टपालाने पाठवलं. तिथेही काही झालं नाही तर माहिती आयोग, आणि आयोगापुढे सुनावणी यायला वर्ष, कधी त्याहून जास्त. तोवर पावसाळा येऊन जातो.

७.४५
समाजमंदिरात बैठक. गावाला ग्रामसभा आहे. शहरासाठी राज्याने २००९मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली, पण आमच्या प्रभागात ती भरलेली मी पाहिली नाही. प्रभाग समितीवर वस्तीत काम करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. ती जागा मागावी असा मुद्दा एका तरुणाने मांडला. एक मावशी म्हणाल्या, “जागा मिळाली तर बसणार कोण? बैठक दुपारी असणार.” बराच वेळ वाद झाला. मागायची असं ठरलं, आणि ज्याचं नाव जाईल त्याच्या रोजीची सोय आधी करायची.

मग दादांनी एमबीतली ओळ सगळ्यांना समजावून सांगितली. बुधवारी अकराला पाहणी आहे. दादा त्या दिवशी स्लॅबवर आहेत, त्यांना निघता येणार नाही. मोजपट्टी धरायला दोघं लागतात. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईंनी दुसऱ्या घरची वेळ सकाळी आठची करून घेतली. त्यांच्या जोडीला रंगकाम करणारा एक मुलगा येईल, त्याचा अर्धा खाडा वर्गणीतून मंजूर झाला. दादा जाण्याआधी दोघांना शिकवून गेले : खोली मोजताना पट्टी गाळावर टेकवायची नाही, गाळ काढून तळाला टेकवायची, आणि साहेबांसमोर मोजायची.