डॉक्टरची जबाबदारी

घरचे माणूस दवाखान्यात दगावले की आपण कपाळाला हात लावतो. "त्याचे दिवसच भरले होते," असे म्हणतो. पुष्कळदा ते खरे असते. पण नेहमीच नाही. ही हकीकत ऐका.

रत्नागिरी जिल्ह्यात पालशेत गाव आहे. १९५३ च्या मे महिन्यात तिथे समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या मुलाला अपघात झाला. डाव्या मांडीचे हाड मोडले. तीन दिवसांनी त्याला टॅक्सीने पुण्याला नेले. प्रवास अकरा तासांचा. पोर अगदी थकून गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी पाय ओढून हाड बसवले. पण आधी भूल दिली नाही. जोरही फार लावला. तो धक्का मुलाला सोसला नाही. त्याच रात्री तो गेला.

आईबापांनी दावा लावला. कोर्टाने ३,००० रुपये भरपाई देवविली. डॉक्टर वरच्या कोर्टात गेले. १९६८ साली सुप्रीम कोर्टानेही तोच निकाल कायम केला.

सुप्रीम कोर्टाने डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली. रोगी हाती घ्यावा की नाही, हे नीट ठरवावे. उपचार कोणता, हे नीट ठरवावे. आणि तो उपचार काळजीने करावा. यांत हयगय झाली आणि त्यामुळे रोग्याचे नुकसान झाले, तर भरपाई मागता येते.

पण डॉक्टर म्हणजे देव नव्हे. गुण आला नाही, एवढ्यावरून डॉक्टर चुकला असे होत नाही. जाणत्या डॉक्टरने घ्यावी तेवढी काळजी घेतली का, हे कोर्ट पाहते. म्हणून दवाखान्यात मारहाण, मोडतोड करू नये. तो गुन्हा आहे.

मग करावे काय? चिठ्ठ्या, पावत्या, तपासणीचे कागद जपून ठेवावेत. दवाखान्यातील नोंदींची नक्कल लेखी मागावी. ती ७२ तासांत द्यावी, असा नियम आहे. दवाखाना पैसे घेणारा असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करावी. वकील दिलाच पाहिजे, असे नाही. जिथे सर्वांनाच फुकट उपचार मिळतात, तिथल्या हयगयीसाठी दिवाणी कोर्टात जावे लागते.

आता आपल्याला वाचता येते. ऑपरेशनच्या कागदावर सही करण्याआधी तो वाचा. समजला नाही तर विचारा. विचारल्याने डॉक्टरचा अपमान होत नाही. समजावून सांगणे हेही त्यांचे कामच आहे.