रँडी पाउश

रँडॉल्फ फ्रेडरिक पाउश (२३ ऑक्टोबर, १९६० – २५ जुलै, २००८) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ व प्राध्यापक होते. आभासी वास्तव आणि मानव-संगणक आंतरक्रिया ही त्यांच्या संशोधनाची क्षेत्रे होत. नवशिक्यांना संगणकाची आज्ञावली लिहिण्यास शिकविणारी 'अ‍ॅलिस' ही प्रणाली त्यांच्या नेतृत्वाखाली विकसित झाली. स्वादुपिंडाच्या असाध्य कर्करोगाचे निदान झालेले असताना १८ सप्टेंबर, २००७ रोजी त्यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात दिलेले व्याख्यान आणि त्यावर आधारित 'द लास्ट लेक्चर' हे पुस्तक यांमुळे ते संगणकक्षेत्राबाहेरही सर्वतोमुखी झाले. तंत्रज्ञानाकडून जीवनविषयक चिंतनाकडे झालेला त्यांचा प्रवास आजारपणाने घडविला असे वरवर पाहता वाटते. तथापि त्याची बीजे त्यांच्या अध्यापनातच आढळतात.

बालपण व शिक्षण

पाउश यांचा जन्म मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर येथे झाला. आईवडिलांनी त्यांना स्वतःच्या खोलीच्या भिंती हव्या तशा रंगविण्याची मुभा दिली होती. त्या भिंतींवर त्यांनी अग्निबाण, उद्वाहकाचे दार आणि वर्गसमीकरणाचे सूत्रही रंगविले. अशा आईवडिलांच्या पोटी जन्मणे ही आपल्याला लागलेली सोडतच होय, असे ते पुढे सांगत.

शालेय वयात फुटबॉलचे (अमेरिकन पद्धतीच्या) प्रशिक्षक जिम ग्रॅहम यांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला. पहिल्या दिवशी ग्रॅहम चेंडू न घेताच मैदानावर आले. खेळणाऱ्या २२ जणांपैकी एका वेळी एकाच्याच हाती चेंडू असतो. तेव्हा उरलेल्या २१ जणांनी काय करावयाचे ते आधी शिकू, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. पाया पक्का करण्याचा हा धडा पाउश यांनी आयुष्यभर जपला.

१९८२ मध्ये त्यांनी ब्राउन विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेतली. तेथील प्राध्यापक अँड्रीस व्हान डॅम यांनी एकदा त्यांना बाजूस घेऊन, तुझ्या वागण्यातील अहंमन्यता लोकांना जाणवते व ती तुझ्याच कार्याला मर्यादा घालील, अशी समज दिली. संशोधनासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाने त्यांचा अर्ज प्रथम नाकारला होता. व्हान डॅम यांनी शब्द टाकल्यामुळे विभागप्रमुखांची भेट घडली आणि प्रवेश मिळाला. १९८८ मध्ये त्यांना तेथूनच विद्यावाचस्पती ही पदवी प्राप्त झाली.

अध्यापन व संशोधन

१९८८ ते १९९७ या काळात पाउश यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात अध्यापन केले. १९९५ मध्ये रजा घेऊन त्यांनी वॉल्ट डिस्ने इमॅजिनिअरिंग या संस्थेत 'अलादीन'वर आधारित आभासी वास्तवाच्या प्रकल्पावर काम केले. याच संस्थेने पूर्वी त्यांना नकाराचे पत्र धाडले होते आणि ते त्यांनी जपून ठेवले होते. १९९७ मध्ये ते कार्नेगी मेलन विद्यापीठात रुजू झाले. तेथे नाट्यविभागाचे डॉन मॅरिनेली यांच्यासह त्यांनी कला व तंत्रज्ञान यांचा मेळ घालणारे मनोरंजन तंत्रज्ञान केंद्र स्थापन केले.

'आभासी विश्वांची बांधणी' हा त्यांचा अभ्यासक्रम विशेष गाजला. संगणक, चित्रकला, नाट्य, अभिकल्प अशा विविध विभागांतील विद्यार्थ्यांचे चौघाचौघांचे गट करून प्रत्येक गटाने सुमारे दोन आठवड्यांत एक आभासी विश्व उभारावयाचे आणि पुढील कामासाठी गट बदलावयाचे, अशी त्याची रचना होती. गोळीबार व अश्लीलता यांना मज्जाव असे. सत्राअखेरीस प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती एक आलेख पडे. आपल्यासोबत काम करणे सहाध्यायांना कितपत सुकर वाटले आणि इतरांच्या तुलनेत आपले स्थान कोठे आहे, हे त्यात दाखविलेले असे. व्हान डॅम यांनी एका विद्यार्थ्याला खाजगीत दाखविलेला आरसा पाउश यांनी या रीतीने साऱ्या वर्गाला उपलब्ध करून दिला.

अ‍ॅलिस प्रणाली

लुईस कॅरॉल यांच्या नायिकेचे नाव लाभलेली अ‍ॅलिस ही प्रणाली विनामूल्य उपलब्ध आहे. आज्ञावली शिकू लागणाऱ्याची पहिली निराशा बहुधा एखादे विरामचिन्ह वा कंस चुकल्यामुळे होते. अ‍ॅलिसमध्ये आज्ञा टंकित कराव्या लागत नाहीत. तयार तुकडे पडद्यावर ओढून क्रमाने मांडावयाचे असतात. त्यामुळे व्याकरणाच्या चुका टळतात आणि विद्यार्थ्याचे लक्ष तर्कावर राहते. पडद्यावरील त्रिमितीय पात्रे आज्ञेनुसार हालचाल करीत असल्याने चूक कोठे झाली हे डोळ्यांना दिसते. आपण गोष्ट किंवा खेळ रचत आहोत अशा समजुतीत मूल अट, पुनरावृत्ती व क्रम या संकल्पना आत्मसात करते.

अशा अप्रत्यक्ष शिक्षणाला पाउश 'हूल' म्हणत. फुटबॉलमध्ये खेळाडू मान एका दिशेस वळवून प्रत्यक्षात दुसरीकडे धावतो. तद्वत शिकणाऱ्याचे लक्ष एका गोष्टीकडे असते आणि तो शिकतो मात्र दुसरीच. मुलांना मैदानावर पाठवावयाचे ते फुटबॉलसाठी नव्हे, तर सहकार्य व चिकाटी अंगी बाणावी म्हणून, हे त्यांचे आवडते उदाहरण होते.

आजार व अखेरचे व्याख्यान

२००६ मध्ये पाउश यांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे आढळले. शस्त्रक्रिया व औषधोपचार होऊनही ऑगस्ट २००७ मध्ये रोग यकृतात पसरल्याचे निष्पन्न झाले आणि बऱ्या प्रकृतीचे तीन ते सहा महिने उरल्याचे वैद्यांनी सांगितले. पुढच्याच महिन्यात त्यांनी 'बालपणीची स्वप्ने खरोखर साकारताना' या आशयाच्या विषयावर व्याख्यान दिले. आरंभीच त्यांनी आपल्या यकृतातील गाठींची चित्रे पडद्यावर दाखविली आणि मग व्यासपीठावर जोर काढले. सहानुभूतीचे ओझे सभागृहातून उतरविण्याचा तो मार्ग होता.

गुरुत्वहीन अवस्था अनुभवणे, विश्वकोशात लेख लिहिणे, डिस्नेमध्ये काम करणे ही त्यांची बालपणीची स्वप्ने होती. पहिले स्वप्न विद्यार्थ्यांसमवेत नासाच्या विमानातून प्रवास करून पूर्ण झाले. प्राध्यापकांना त्यात प्रवेश नसल्यामुळे ते वार्ताहर म्हणून गेले. 'वर्ल्ड बुक' या विश्वकोशात त्यांनी आभासी वास्तवावर लेख लिहिला. व्यावसायिक फुटबॉलपटू होण्याचे स्वप्न मात्र अपुरे राहिले, आणि त्या अपुरेपणानेच आपल्याला सर्वांत अधिक शिकविले, असे त्यांनी नमूद केले. वाटेत येणाऱ्या भिंती आपली इच्छा किती उत्कट आहे हे जोखण्यासाठी असतात, हे या व्याख्यानातील विधान सर्वाधिक लोकप्रिय ठरले.

समारोपात त्यांनी दोन हुली उघड केल्या. व्याख्यान स्वप्ने कशी साकारावीत याविषयी नसून आयुष्य कसे जगावे याविषयी होते, ही पहिली. ते उपस्थितांसाठी नसून आपल्या तीन लहान मुलांसाठी होते, ही दुसरी. अ‍ॅलिसमागील शिक्षणपद्धतीच येथे वापरलेली दिसते.

वेळेचे नियोजन

२७ नोव्हेंबर, २००७ रोजी व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांनी वेळेच्या नियोजनावर व्याख्यान दिले. पैशाप्रमाणे वेळेचाही हिशेब ठेवावा, कामांची यादी करून महत्त्वाची पण निकडीची नसलेली कामे मागे पडू देऊ नयेत, प्रत्येक कागद शक्यतो एकदाच हाताळावा, लांबणारे दूरध्वनी भोजनाच्या सुटीपूर्वी करावेत, अशा व्यवहारी सूचना त्यांनी केल्या. मोजके महिने हाती असलेल्या माणसाच्या तोंडी हा विषय आल्याने त्याला वेगळे गांभीर्य लाभले.

पुस्तक

'वॉल स्ट्रीट जर्नल'चे स्तंभलेखक जेफ्री झॅस्लो यांच्या सहकार्याने 'द लास्ट लेक्चर' हे पुस्तक एप्रिल २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांसोबतचा वेळ कमी होऊ नये म्हणून पाउश व्यायामासाठी सायकल चालवीत असतानाच भ्रमणध्वनीवरून झॅस्लो यांच्याशी बोलत. अशा ५३ फेऱ्यांतून पुस्तकाची सामग्री सिद्ध झाली. पुढे त्याचे अनेक भाषांत अनुवाद झाले.

विचारांची व्याप्ती व मर्यादा

पाउश यांचे विचार बहुधा केवळ चिकाटीचा संदेश म्हणून उद्धृत होतात. परंतु त्यांनीच सांगितलेले प्रसंग पाहता हे आकलन अपुरे ठरते. कार्नेगी मेलनची भिंत त्यांना एकट्याच्या जिद्दीने ओलांडता आली नाही. ती एका गुरूच्या मध्यस्थीने खुली झाली. सुजाण आईवडील व परखड शिक्षक यांचा लाभ सर्वांना होत नाही, आणि इच्छा उत्कट असूनही साधनांअभावी अनेकांची वाट अडते. दैवाने दिलेला वाटा पाउश यांनी नाकारला नाही. इतरांच्या स्वप्नांना वाट करून देणे हा व्याख्यानाचा मोठा भाग होता आणि अ‍ॅलिस हाच आपला व्यावसायिक वारसा, असे ते मानत. आत्मविकास व परोपकार यांची ही सांगड लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या विचारांचे मूल्यमापन पूर्ण होत नाही.

निधन व स्मृती

मार्च २००८ मध्ये पाउश यांनी अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे साक्ष देऊन स्वादुपिंडाच्या कर्करोगावरील संशोधनासाठी अधिक निधीची मागणी केली. २५ जुलै, २००८ रोजी व्हर्जिनियातील चेसापीक येथे वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्राची इमारत व कलाविषयक इमारत यांना जोडणाऱ्या पादचारी पुलास त्यांचे नाव देण्यात आले आहे.