नसांना धुमारे फोडणारं विष

सापाच्या विषाचा आणि नसांच्या वाढीचा काय संबंध? भलताच जवळचा! १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन एका पदार्थाच्या मागावर होते. उंदराच्या कर्करोगाच्या गाठीतून असं काही पाझरायचं, की कोंबडीच्या गर्भातल्या मज्जातंतूंना धुमारे फुटायचे. हे प्रथिन की न्यूक्लिक आम्ल? कोहेन यांनी त्यात सापाचं विष मिसळलं, कारण विषातलं एन्झाइम न्यूक्लिक आम्ल तोडतं. झालं उलटंच! तंतू आणखी जोमानं वाढले. तो पदार्थ विषातच गाठीपेक्षा कितीतरी जास्त होता. हाच ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’. त्याच्या शोधासाठी रीटाबाईंना कोहेन यांच्यासोबत १९८६चं नोबेल मिळालं. पूर्वी इटलीत मुसोलिनीच्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू म्हणून दारं बंद केली, तेव्हा याच बाईंनी तुरीनच्या घरी, झोपायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली होती!

असे वाढघटक आपलं शरीरही बनवतं. नस तुटली, की खरी धावपळ श्वान (Schwann) पेशींची. एरवी तंतूंवरचं मायेलिनचं वेष्टण सांभाळणाऱ्या या पेशी कचरा उपसतात, रांग लावून वाट आखतात आणि बीडीएनएफ, जीडीएनएफ असे वाढघटक सोडतात. नवा तंतू त्या वाटेनं दिवसाला साधारण १ मिलिमीटर सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत जायला सहा महिने! पण श्वान पेशींचा जोर काही महिन्यांत ओसरतो. म्हणून खांद्यापाशी तुटलेल्या नसेची गाडी बोटांपर्यंत पोचणं फार अवघड. काच लागून बोट बधिर झालं तर ‘होईल बरं’ म्हणत बसू नका, लगेच डॉक्टरांना दाखवा.

मग वाढघटक बाहेरूनच ओतले तर? उंदरांवर तेही करून झालं. एकाच जागी जीडीएनएफचा साठा झाला, की तंतू मिठाईच्या दुकानात शिरलेल्या पोरांसारखे तिथेच घुटमळतात, स्नायूपर्यंत जातच नाहीत. शास्त्रज्ञांनीही याला नाव दिलंय ‘कँडी स्टोअर’ परिणाम. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर टोचला, तर वर दुखणंही वाढतं!

डोळ्यात मात्र तो उपयोगी पडला. कॉर्नियाच्या नसा निकामी होऊन जखमा भरेनाशा होतात, त्यावरचे या घटकाचे सेनेजर्मिन हे थेंब अमेरिकेत २०१८मध्ये मंजूर झाले.

मला सर्वांत आशेची वाटते ती आणखी साधी युक्ती. शस्त्रक्रियेच्या वेळी नसेला तासभर हलका विद्युतप्रवाह द्यायचा. उंदरांमध्ये त्यानं चेतापेशी स्वतःच जास्त बीडीएनएफ बनवू लागल्या. मनगटात नस दबणाऱ्या कार्पल टनेलच्या रुग्णांमध्येही नसा लवकर सावरल्या.